दम आणि शिट्टी

दिवाळीच्या सुटीत आमच्या धनजच्या आसपास एक देखावा हमखास दिसतो. सोयाबीन निघून वावर मोकळे झालेले असते. त्याच्या एका कोपऱ्यातली ढेकळे फोडून, वर पाणी मारून पोरे चुन्याच्या रेघा ओढतात आणि घरातल्या फराळाची पुरती चव घेण्याआधीच कबड्डीचा डाव मांडतात. बांधावर वडीलधारी मंडळी येऊन बसतात. पहिली दहा मिनिटे कौतुकात जातात. मग पंचाची शिट्टी दोन-तीनदा वाजली की बांधावरून तक्रार येते, “आता कायची कबड्डी रायली? जरासा हात लागला का शिट्टी! आमच्या वेळी मानूस आडवा झाला तरी डाव थांबे नाई.” आणि मैदानातून धापा टाकीत एखादा पोरगा येऊन दुसरीच तक्रार करतो, “गुरुजी, पंच खेळूच देत नाही. खेळाला वेग येईल कसा?”

वृद्धांना वाटते, शिट्टीने खेळातला रांगडेपणा नेला. पोरांना वाटते, शिट्टीने वेग नेला. दोन्ही तक्रारींच्या तळाशी समजूत मात्र एकच आहे: शिट्टी ही बाहेरून आलेली पाहुणी आहे, आणि ती जितकी गप्प बसेल तितका खेळ खरा. ही समजूत मी बरीच वर्षे बाळगली होती. आज ती मला चुकीची वाटते. कादंबरीकडे पाहताना आपण केवळ कथानक पाहत नाही, त्याला आकार कशाने आला हेही पाहतो. तसेच या खेळाकडे पाहावे आणि त्याच्या वेगाला नि दांडगाईला आकार कोण देतो हे तपासावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

मुळात हा खेळ एका विलक्षण कल्पनेवर उभा आहे. एका माणसाने एका दमात शत्रूच्या घरात शिरायचे, कोणाला तरी शिवायचे आणि दम संपण्यापूर्वी परतायचे. तो एकटा, समोर सात. वजनाने, संख्येने, बळाने सगळे पारडे त्याच्या विरुद्ध. त्याच्या बाजूला दोनच गोष्टी, चपळाई आणि छातीतला वारा. एकट्याने साताच्या घरात जाऊन सुखरूप परत येणे यातच या खेळाची सारी गोडी आहे. आता विचार करा, त्या साताजणांना वाटेल ते करण्याची मोकळीक दिली तर ही गोडी किती वेळ टिकेल? एक पकड, आणि डाव आटोपला!

आपल्या पूर्वसूरींना हे पक्के ठाऊक होते. आपल्याकडे हुतूतू, बंगाल्यात हाडूडू, तमिळ मुलखात सडुगुडू अशा नावांनी हा खेळ गावोगाव चाले. कुठे बाद झालेला गडी पुन्हा जिवंत होई, ती संजीवनी. कुठे बाद झालेला बाहेरच राही, ती गामिनी. कुठे कोणी बाहेरच जात नसे, फक्त गुण मोजत, ती अमर. विसाव्या शतकाच्या पहिल्या पावशतकात महाराष्ट्रातल्या जिमखान्यांनी नि व्यायामशाळांनी या विखुरलेल्या खेळाला लेखी नियम दिले. १९२३ साली बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने नियमबद्ध स्पर्धा भरवली. आम्हा वऱ्हाडकरांना अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे १९१४ साली वैद्य बंधूंनी अमरावतीला काढलेले हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाच्या पथकाने तेथे देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली, त्यांत आपला हुतूतूही होता. पुढे १९५० साली अखिल भारतीय संघटना झाली, आणि १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत कबड्डीला पदकाचा मान मिळाला.

या नियमांच्या पुस्तकात काय काय मना आहे ते पाहण्यासारखे आहे. चढाई करणाऱ्याला हातापायांना आणि धडाला धरावे, अन्यत्र नाही. त्याचे तोंड दाबून दम तोडू नये. गळा आवळू नये. पायांची कैची घालू नये. अंगाला तेल लावून उतरू नये, नखे वाढवू नयेत. या यादीतल्या एकाही नियमाने खेळाचा जोर कमी होत नाही. एकट्या माणसाकडे जी दोन साधने आहेत, चपळाई आणि दम, त्यांवर पलीकडच्यांनी गैरमार्गाने घाला घालू नये, एवढीच त्यांची धडपड आहे. तोंड दाबले तर दम गेला, केस नि कपडे धरले तर चपळाई गेली. मग उरले केवळ बळ.

नियम असे चांगले आहेत. प्रश्न नियमांचा नाहीच. पुस्तकातला नियम आणि मैदानातला नियम हे दोन वेगळे नियम असतात, हा खरा प्रश्न आहे. पुस्तकातला नियम सर्वांना पाठ असतो. मैदानातला नियम म्हणजे पंच कोणत्या गोष्टीला शिट्टी वाजवतो ती गोष्ट. खेळाडू पहिल्या पाच मिनिटांत हा दुसरा नियम वाचून घेतात आणि उरलेला सामना त्याच्याच आधाराने खेळतात.

हे मी ऐकीव सांगत नाही. काही वर्षांपूर्वी एका गावच्या दिवाळी-सामन्यांत मी स्वतः पंच होतो. एका बाजूला यजमान गावाचा भरदार संघ, दुसऱ्या बाजूला आमच्या शाळेची पोरे. पहिल्याच चढाईला आमचा एक सडसडीत मुलगा कोपरारक्षकाला हुलकावणी देऊन निसटू लागला, तोच त्याने मागून बनियन धरली. मी पाहिले. शिट्टी माझ्या ओठांतच होती. पण सकाळीच त्यांच्या घरचा फराळ खाल्ला होता, बांधावर सारा गाव बसला होता, आणि मनात आले, पहिलीच चढाई आहे, जाऊ द्या.

पुढच्या चढाईला बनियनीवरचा हात मानेवर गेला. आता शिट्टी वाजवावी तर मघाशी का वाजवली नाही, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. मीही गप्प राहिलो. मग मला एक चमत्कार दिसला, ज्याचा अर्थ मला नंतर कळला. आमच्या पोरांनी आत जाणेच सोडले. निदान रेषेवर पाय टेकवायचा आणि परत फिरायचे. पलीकडचेही तसेच करू लागले. शिट्टी वाजत नव्हती, खेळ कोठे थांबत नव्हता, आणि तरी खेळ मंदावत मंदावत जवळजवळ उभा राहिला होता. लोक कंटाळून आपसांत बोलू लागले. शेवटी त्याच मुलाने धीर करून खोल चढाई केली. तो खाली पडल्यावर तिघे त्याच्या अंगावर पडले. खांद्याजवळचे हाड मोडले.

हाड जुळले, पण तो मुलगा पुन्हा मैदानात उतरला नाही. मी भेटायला गेलो तेव्हा त्याची आई रागावली नाही. तिने एवढेच विचारले, “गुरुजी, तुमी तं तिथंच होते ना?”

त्या प्रश्नाचे उत्तर मी अजून शोधतो आहे. ज्याने मानेला हात घातला त्याला मी दोष देत नाही. त्याने मैदानातला नियम वाचला होता, आणि तो नियम मी लिहिला होता.

पुढल्या वर्षी मी पहिल्या बनियनीलाच शिट्टी वाजवली आणि पकड अमान्य केली. दुसऱ्यांदा हिरवे कार्ड दाखवले. बांधावरून माझा यथास्थित उद्धार झाला. पहिली दहा मिनिटे खेळ खरोखर तुकड्यातुकड्यांनी चालला. पण मग रक्षकांनी हात आवरले आणि पाय हलवायला सुरुवात केली. घोटा पकडायचा तर वेळ साधावी लागते, साखळी करायची तर शेजाऱ्याबरोबर पाऊल जुळावे लागते. पलीकडचा आपल्याला कोठे धरणार हे ठाऊक झाल्यावर चढाई करणाऱ्यांची छाती वाढली, ते बोनस रेषेपर्यंत जाऊ लागले. शेवटच्या पंधरा मिनिटांत शिट्टी क्वचितच वाजली, कारण वाजवायला कारण उरले नव्हते.

दोन सामन्यांवरून सिद्धांत बांधू नये हे मला कळते. म्हणून असाच प्रयोग फार मोठ्या प्रमाणावर झाला आहे तेथे वाचकांना नेतो, आणि ती जागा आपल्या वावरापासून फार लांब, अगदी बर्फावर आहे.

आइस हॉकी हा खेळ आपल्याकडे लडाखात हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांवर खेळतात, तिकडे कॅनडा-अमेरिकेत त्याचा मोठा व्यवसाय आहे. दोन्ही बाजूंना सहा-सहा खेळाडू, पायांत धारदार पात्यांचे बूट, हातात वाकडी काठी, आणि चेंडूच्या जागी रबराची कठीण चकती. माणूस ज्या वेगाने बर्फावरून घसरत जातो त्या वेगाने तो जमिनीवर धावूच शकत नाही. अशा खेळात, नॅशनल हॉकी लीग या त्यांच्या प्रमुख स्पर्धेत, १९९० च्या दशकात एक रोग शिरला. चपळ खेळाडूला मंद खेळाडू काठीने अडकवी, हाताने धरी, वाटेत आडवा येई. पुस्तकात हे सारे मना होते. पंच त्याकडे काणाडोळा करीत. मारिओ लेम्यू या त्या काळच्या श्रेष्ठ खेळाडूने याबद्दल उघड तक्रार केली होती. मधूनमधून कडक शिट्टीची घोषणा होई, हंगामाच्या आरंभी ती पाळली जाई, आणि काही आठवड्यांनी सारे पूर्ववत.

२००४-०५ चा सारा हंगाम मालक आणि खेळाडू यांच्या भांडणात बुडाला. खेळ पुन्हा सुरू झाला तेव्हा लीगने काही नियम बदलले, लांब पल्ल्याच्या पासवरची एक जुनी बंदी उठवली, आणि मुख्य म्हणजे अडवणुकीचे जुनेच नियम अक्षरशः पाळायचे ठरवले. या वेळी पंच ढळले नाहीत. आरंभी शिक्षांचा पाऊस पडला, प्रेक्षक कुरकुरले. दोन्ही संघांचे मिळून सामन्यामागे सरासरी पाचाहून थोडे अधिक गोल होत, ते त्या हंगामात सहाच्या वर गेले. त्यांतला मोठा वाटा शिक्षेमुळे एक गडी कमी झालेल्या संघावर झालेल्या गोलांचा होता, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण खेळाची चाल बदलली ती कायमची. ज्यांचा गुण केवळ धरून ठेवण्याचा होता असे जडशीळ खेळाडू हळूहळू मागे पडले, आणि चपळ, लहान चणीच्या खेळाडूंना जागा झाली.

दांडगाईचे काय झाले ही कथा आणखी बोधप्रद आहे. त्या खेळात हातमोजे टाकून मारामारी करण्याची जुनी रीत आहे. मारामारी करणाऱ्याला पाच मिनिटे बाहेर बसवतात, एवढेच. म्हणून प्रत्येक संघ एक-दोन पैलवान पदरी बाळगी. त्यांचे काम खेळणे हे नव्हे, तर आपल्या चपळ गड्याला कोणी त्रास दिल्यास त्याचा हिशेब चुकता करणे. या प्रथेचे समर्थक म्हणत, पैलवान आहे म्हणून चपळ गडी सुरक्षित आहे. मला हे वाचून आपल्या गावगाड्याची आठवण झाली. जेथे पंचायतीत न्याय मिळत नाही तेथे दारात लाठीवाला ठेवावा लागतो, आणि मग लाठीवाला आहे म्हणूनच गावात शांतता आहे असे तो लाठीवालाच सांगत फिरतो. बर्फावर शिट्टी नेमाने वाजू लागल्यावर आणि धावू न शकणारा गडी संघाला परवडेनासा झाल्यावर हे पैलवान कमी होत गेले. मारामाऱ्याही पूर्वीच्या मानाने पुष्कळ घटल्या.

येथेच लेख संपवता आला असता तर किती बरे झाले असते! पण कथेला उत्तरार्ध आहे. वेग वाढला म्हणजे टक्कर वाढते. वेग दुप्पट झाला तर आघातातली ऊर्जा चौपट होते, हे गणित मी वर्गात फळ्यावर करून दाखवतो. धरून ठेवणारे हात सुटले तसे मोकळे धावणारे देह एकमेकांवर अधिक जोराने आदळू लागले, आणि डोक्याला बसणाऱ्या माराचा प्रश्न त्या खेळात ऐरणीवर आला. २०१० साली बेसावध खेळाडूच्या डोक्यावर बाजूने आदळण्याला मनाई करणारा नियम करावा लागला. म्हणजे शिट्टीने एक हिंसा घालवली, तिच्या यशातून दुसरी निपजली, आणि शिट्टीला नवे काम लागले. ते काम पूर्ण झाले असे आजही कोणी म्हणणार नाही.

आपली कबड्डीही आज याच वळणावर आहे. मातीवरून ती मॅटवर आली. २०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाली आणि हा खेळ दूरदर्शनच्या पडद्यावरून आजीबाईंच्या माजघरापर्यंत पोचला. आता चढाईला तीस सेकंदांची मर्यादा आहे. पूर्वी दम टिकेल तोवर चढाई, आणि दम गेला की नाही ते पंचाच्या कानावर. त्यावरून किती डाव मोडले असतील, देव जाणे. घड्याळाने तो तंटा बराच मिटवला. जो नियम मोजता येतो तो पाळायला धैर्य लागत नाही. दोन चढाया कोऱ्या गेल्या की तिसरीत गुण मिळवलाच पाहिजे, नाही तर बाद, या नियमाने रेंगाळणाऱ्यांना चाबूक बसला, हेही खरे. मात्र माझी एक टीका आहे. या नियमाने तिसऱ्या चढाईला वेग येतो आणि पहिल्या दोन कोऱ्या घालवण्याला जणू परवाना मिळतो. बक्षीस आणि धाक दाखवून आणलेला वेग असा हप्त्याहप्त्याने येतो. धरपकडीच्या नियमांची शिट्टी सारखी असेल तर जो वेग येतो तो प्रत्येक चढाईत असतो, कारण तो खेळाडूच्या निर्धास्तपणातून येतो.

आणि धावत येऊन अंगाने धडक देऊन गड्याला रेषेबाहेर फेकण्याचे प्रकार? मॅटवर त्यांचा वेग वाढला आहे. हिरवे कार्ड ताकिदीचे, पिवळे दोन मिनिटे बाहेर, लाल म्हणजे सामन्यातूनच बाहेर, ही व्यवस्था पुस्तकात आहे. या रंगांची गंमत अशी की, फुटबॉलचे इंग्रज पंच केन ॲस्टन यांना पिवळ्या-लाल कार्डांची कल्पना रस्त्यावरच्या वाहतुकीच्या दिव्यांवरून सुचली आणि १९७० च्या मेक्सिकोतल्या विश्वचषकात ती प्रथम वापरात आली. याच ॲस्टन यांनी १९६२ साली चिलीत इटली-चिली हा कुप्रसिद्ध मारामारीचा सामना सांभाळण्याची शिकस्त केली होती. पंच काय म्हणाला ते परभाषी खेळाडूला कळत नसे. कार्ड दिसले की खेळाडूला, बांधावरच्या म्हाताऱ्याला, सर्वांना एकदम कळते. शिक्षा कडक असण्यापेक्षा ती स्पष्ट असणे अधिक उपयोगी पडते.

स्पष्टता नसली की काय होते ते ७ ऑक्टोबर २०२३ रोजी चीनमधील हांगझोऊला साऱ्या जगाने पाहिले. आशियाई स्पर्धेचा पुरुषांचा अंतिम सामना, भारत आणि इराण २८-२८ असे बरोबरीत, मिनिटभराचा खेळ उरलेला, आणि पवन सेहरावतची तिसरी चढाई. तो कोणाला न शिवताच बाजूच्या राखीव पट्ट्यात गेला, आणि त्याच्यामागे इराणचे रक्षकही गेले. आता बाद कोण? एकटा पवन, की त्याच्यामागे गेलेले रक्षकसुद्धा? जुना नियम एक सांगत होता, नवा दुसरे. पंचांचा निर्णय पुन्हा पुन्हा फिरला, दोन्ही संघ मैदानात ठाण मांडून बसले, आणि जगातल्या बहुधा सर्वांत वेगवान देशी खेळाचा अंतिम सामना सुमारे तासभर थांबला! शेवटी भारत ३३-२९ असा जिंकला. सुवर्णपदकाचा आनंद मलाही झाला. पण शिट्टी जेव्हा स्वतःच गोंधळते तेव्हा जिंकणाऱ्याच्या विजयालाही बोल लागतो, हे त्या दिवशी पुन्हा पटले.

मग बांधावरच्या वृद्धांना मी काय सांगू? त्यांच्या तक्रारीत एक सत्य आहे, ते नाकारणे कृतघ्नपणा होईल. कबड्डी हा अंगाला अंग भिडवण्याचा खेळ आहे. माती, खरचटणे, घाम यांच्यावाचून तो होणार नाही, होऊही नये. प्रत्येक स्पर्शाला दचकणारा पंच खेळ मारतो. पण जोर आणि दांडगाई यांत फरक आहे, आणि तो पकडीच्या ताकदीत शोधू नये. पकड कोठे आहे ते पाहावे. कंबरेला घातलेला विळखा कितीही घट्ट असो, तो जोर. गळ्याला घातलेला हात कितीही सैल असो, ती दांडगाई. पंचाला हा भेद दिसतो. अडचण दिसण्याची नसते. पहिली शिट्टी वाजवायला लागणाऱ्या धैर्याची असते, कारण पहिली शिट्टी नेहमी क्षुल्लक गोष्टीला वाजवावी लागते आणि सारा गाव म्हणतो, एवढ्याशा गोष्टीला?

आपण सौम्यपणाला दया समजतो. मैदानात पंचाची दया कोणाच्या पदरात पडते ते पाहिले म्हणजे ही समजूत उडते. भरदार गड्याला शिट्टी वाजली काय नि न वाजली काय, तो उभाच राहतो. शिट्टीची गरज असते ती दुसऱ्याला.

यंदाही दिवाळीचे सामने आहेत आणि शिट्टी माझ्याच गळ्यात येणार आहे. फराळ सामना संपल्यावर खाईन, असे मी आयोजकांना आधीच कळवले आहे. त्या मुलाचा धाकटा भाऊ यंदा आठवीत आहे. चांगला चपळ आहे. परवा शाळा सुटल्यावर तो रेघांच्या बाहेर उभा राहून खेळ पाहत होता. आत येतोस का, म्हणून विचारले, तर म्हणाला, “आईले विचारून सांगतो.”

मी वाट पाहतो आहे.